मालकिणीचं अंथरूण

॥ श्री ॥
कल्याण, ४ नोव्हेंबर १९९१

ती. अण्णास,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

त्या दिवशी तांदूळ निवडून झाले होते, दुधावर ताटली ठेवली होती, आणि धुतलेले पडदे पिळायला मी यांना हाक मारली. कंपनी बंद होऊन वर्ष झालं तरी हे भोंग्याच्या वेळेलाच उठायचे आणि माझ्या कामात लुडबूड करायचे. दुसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, म्हणून ओल्या हातांनीच मी आतल्या खोलीत गेले. तेरावा झाल्यावर नीला मला इकडे घेऊन आली, त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलेली नाही. हे पुन्हा लिहिते ते एवढ्यासाठी की मला ठाण्याला बोलावू नकोस. भाडेकरूंचं तूच पाहा.

नामा आणि मंजुळा यांच्या कराराचे अकरा महिने या पंधरवड्यात भरतात. तू सांगितलेल्या पद्धतीप्रमाणे सामान बाहेर काढून, एक रात्र घर रिकामं ठेवून मगच नवा करार कर. बंद कंपनीच्या शेजारी राहायला कुणी येत नव्हतं, हे दोघेच आले, हे खरं. पण मला धास्ती वाटते. इथल्या सखुबाईंचं कोपरचं घर भाडेकरूने बळकावलं. त्या जातात तेव्हा आतली बाई त्यांना दारातच पाणी देते आणि कोण हवंय म्हणून विचारते. यांनी मागे ठेवलंय ते हे एवढं एकच घर. जावई चांगले आहेत, पण नीलाच्या घरी मला अजून डबे विचारून उघडावे लागतात.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
प्रमोदिनी


ठाणे, ८ नोव्हेंबर

चि. प्रमोदिनीस अ. उ. आ.

काल जाऊन आलो. कंपनीच्या फाटकावर आता वेल चढलाय, आणि शेडमधून कुत्री अशी बघतात की मीच चोर. नामाने चहा दिला, तो बरा होता.

अडचण अशी की मंजुळेला आठवा लागलाय आणि दोनदा अंगावरून गेलंय. डॉक्टरीणबाईंनी खाटेवरून उठायचं नाही, जिना तर मुळीच उतरायचा नाही, असं बजावलंय. घर तिसऱ्या मजल्यावर. नामा म्हणाला की काका, भांडीकुंडी मी खाली मांडतो, पण हिला कुठं मांडू? मी म्हटलं की बाळकुमच्या कोळीवाड्यात तुझं घर आहे ना. तर म्हणाला की भावांनी वाटणीवरून दार बंद केलंय, आईसुद्धा तोंड फिरवते.

वकीलसाहेब ऐकायला तयार नाहीत. त्या रात्री घर मालकाच्या ताब्यात दिसलं पाहिजे, नाहीतर बहिणीला घरावर पाणी सोडायला सांगा, म्हणाले. त्यात ही इथली, गावातली माणसं. उद्या चार जण उभे राहिले तर आपण काय करणार? कडक होऊ का, ते कळव. तुझ्या कादंबऱ्यांत घरमालकीण नेहमी दुष्ट असते, तू एकदा होऊन बघ.

प्रकृतीला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं सांगत नाही.
अण्णा


कल्याण, ११ नोव्हेंबर

ती. अण्णास सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. चौथीनंतर मला जे आलं ते त्याच पुस्तकांनी शिकवलं, तेव्हा त्यांना नावं ठेवू नकोस.

त्यांना बाहेर काढ, असं लिहिलं होतं. ते पत्र फाडलं. त्या पोरीचं दुखणं खोटं असेल, असंसुद्धा मनात येऊन गेलं. घर जाण्याच्या भीतीपेक्षा मला माझ्या त्या विचाराची जास्त भीती वाटली. जिन्यात तिला काही झालं, तर घर राहून मी काय करू? आणि घर गेलं तर म्हातारपणी कुठे जाऊ?

वकिलांना एवढं विचार. मालकीण स्वतः अंथरूण घेऊन त्या रात्री घरात राहिली, नामाने किल्ली तिच्या हातात दिली आणि ती दोघं पाहुणी म्हणून राहिली, तर ताबा मालकिणीचा होतो की नाही? नाही म्हणाले तर त्या घरात जाण्यातून मी सुटले, असंही मनात येतं.

उत्तर लवकर धाड. माझ्यासाठी दोन शब्द देवापाशी टाक.
प्रमोदिनी


ठाणे, १४ नोव्हेंबर

चि. प्रमोदिनीस अ. उ. आ.

वकीलसाहेब आधी हसले, मग चालेल म्हणाले. नामाने तसं लिहून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवा करार. पण एक गोष्ट आधीच सांगतो. बाहेरच्या खोलीत नामाच्या भावांनी वाटणी म्हणून आणून टाकलेली जाळी आणि लाकडं आहेत, तो स्वतः दाराशी निजतो. मंजुळेची खाट आतल्या खोलीत आहे, आणि तुझ्या अंथरुणाला जागा तिथेच आहे. नको वाटलं तर सांग, कुणी तुला बोल लावणार नाही.
तुझ्या पाठीशी असलेला,
अण्णा


ठाणे, १९ नोव्हेंबर

ती. अण्णास सा. न. वि. वि.

जिन्यापाशी तुला परत पाठवलं, कारण तू असतास तर मी तुझ्याबरोबरच परत फिरले असते. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवरच बसले. वरून नामा आला, त्याने वळकटी उचलली आणि हळूहळू पुढे चालू लागला.

आतल्या खोलीच्या दारात मी उभीच राहिले. मंजुळा पडल्या पडल्या म्हणाली की मावशे, तुजाच घर हाय, मंग दारान कशाला उभी? बोलली हसून, पण तिने खाटेची कड घट्ट धरली होती. मी तिला बाहेर काढायला आले, असं तिला वाटत होतं. मग तिने हळूच विचारलं की मालक गेले ते याच खोलीत का. शेजारणींनी सांगितलं होतं. इतके महिने ती दिवा लावूनच निजत होती, पण भीती वाटते हे सांगितलं तर घर जाईल म्हणून नवऱ्यालाही बोलली नाही. मी म्हटलं की होय, खिडकीखाली. त्यावर ती म्हणाली की मग खिडकीकडं तूच नीज, तुजा नवरा हाय, तुला काय करनार नाय.

अण्णा, मला हसू आलं आणि मग रडू आलं. मी खिडकीखाली अंथरूण घातलं. भीती गेली असं नाही. पण दोघींनी वाटून घेतल्यावर ती एकटीची होती तेवढी उरली नाही. दिवा मात्र आम्ही मालवला नाही.

करार झाला, ते तुला ठाऊकच आहे. वहिनीला नमस्कार, आणि तुझा हात असाच डोक्यावर राहू दे.
प्रमोदिनी

ता. क. करारानंतर मी कल्याणला का परतले नाही, असं नीला तुला विचारील. दुसऱ्या दिवशी मी मंजुळेची वेणी घातली, नामाला डबा देऊन कामावर पाठवलं आणि इथेच राहिले.