मधल्या भिंतीचा गिलावा

६ जानेवारी, सकाळ
संकल्प: मधल्या भिंतीला गिलावा मी स्वतः करणार. गवंडी नको. गवंडी एक दिवस येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची मावशी आजारी पडते.
कारण: भिंतीपलीकडे दादा राहतो. त्याचा खोकला जुन्या विटांच्या सांध्यांतून थेट माझ्या उशीशी येतो. वाटणीत खिडकीकडची बाजू त्याने घेतली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. जो बोलत नाही त्याचा खोकला मी का ऐकावा?
राग वगैरे नाही. निव्वळ आवाजाचा प्रश्न.

९ जानेवारी
वाळू, सिमेंट, थापी आणली. ही म्हणाली, खोकल्याचा एवढा त्रास होतोय तर पलीकडे जाऊन विचारून या ना, कसं आहे ते. विषयांतर. मी टेक्निकल बोलत होतो.

१० जानेवारी
सांधे खरवडले. निम्मे. पाठ धरली. उरलेले तसेही गिलाव्याखाली झाकले जाणार.
खरवडायला लागलो की पलीकडचा खोकला थांबतो, मी थांबलो की पुन्हा सुरू. मुद्दाम करतो. लहानपणापासून असाच.

१३ जानेवारी
पहिला हात मारला. भिंत भिजवत बसलो नाही, खोलीत चिखल कोण करणार. निम्मा माल भिंतीवर, निम्मा माझ्यावर. पण जो चिकटला तो फर्स्ट क्लास.
ही झाकलेलं पातेलं घेऊन मागच्या दाराने कुठेतरी गेली. मी विचारलं नाही. पातेलं रिकामं परत आलं.

१७ जानेवारी
भेगा. बारीक आहेत, शोभून दिसतात. ठोकलं की पोकळ वाजतं. चांगलंच आहे. पोकळीत आवाज अडतो, हे शास्त्र आहे.

२० जानेवारी, दुपार
यश. कालपासून खोकला अजिबात ऐकू येत नाही. हिला बोलावून ऐकवलं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही हे ऐकवलं. ती हात पुसत उभी राहिली. कौतुकाचा एक शब्द नाही.

२१ जानेवारी
ही म्हणाली, दादांना परवा हॉस्पिटलात हलवलंय. काल तुम्ही एवढे खुशीत होतात, सांगवेना.
जायला हवं. पण इतक्या वर्षांनी एकदम जाऊन बोलायचं काय? सुरुवात ठरवायला हवी. उद्या जातो.

२२ जानेवारी
नखांतलं सिमेंट निघत नाही. असे हात घेऊन जाणं बरं दिसणार नाही. सुरुवात मात्र ठरली: काय रे, कसा आहेस. उद्या नक्की.

२३ जानेवारी
दादा गेला. मी दाढी करत होतो. तिथेच निघालो होतो.

४ फेब्रुवारी
दुपारी गिलावा पडला. सगळा, एकदम. आवाज ऐकून वहिनी धावत आली. या खोलीत ती वाटणीनंतर पहिल्यांदाच आली. ढिगाऱ्याकडे बघत म्हणाली, हे म्हणालेच होते.
मी विचारलं, काय म्हणाला होता.
म्हणाली, तुम्ही काम सुरू केलंत की हे दम धरून ऐकत पडायचे. त्या दिवशी म्हणाले, नुसतं थापतोय, पाण्याचा आवाजच येत नाही. धाकट्याला जाऊन सांग, विटा आधी भिजव, नाहीतर पडेल सगळं. मीच आले नाही. म्हटलं, तुम्हाला आवडेल की नाही.
मी म्हणालो, आवडलं असतं.
ती जरा वेळ बसली. चहा घेतला नाही.

५ फेब्रुवारी
सकाळपासून भिंतीवर पाणी मारतोय. जुनी वीट फार पाणी पिते. बादली ओतावी आणि दिसेनाशी व्हावी. खोलीभर चिखल.
ही दारात येऊन म्हणाली, पुन्हा गिलावा करताय का. नाही म्हणालो.
तिने रिकामी बादली उचलली आणि भरून आणली.