बाहेर बघून सांगणारा

शिरूर, ४ डिसेंबर २००५

प्रिय पप्पू,

घरात फोन असताना ताईला पत्र लिहायची दुर्बुद्धी कशी झाली, म्हणशील. फोन आबांच्या खाटेशेजारी आहे, म्हणून. तुझी विमान-दुरुस्तीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली. अभ्यासाच्या नावाने बोंब असणार, हे मी धरूनच चाललेय.

काल क्लासमधला कोपऱ्यातला कॉम्प्युटर भंगारात दिला. बाकीची पोरं माझ्याकडे टायपिंग शिकायची आणि तू त्यावर खेळातली विमानं उडवायचास. उतरण्याआधी हवामान ऐकायचं, तर एकाच विमानतळाचे दोन आवाज. एक तासाभरापूर्वी माणसाने भरून ठेवलेला, गोड, दर नव्या बातमीला अल्फा, ब्राव्हो अशी नावं लावून येणारा. दुसरा यंत्राचा, रुक्ष, पण मिनिटामिनिटाला बदलणारा. तुला कायम गोड आवाज हवा. ‘आकाश निरभ्र’ ऐकून ऐटीत खाली यायचास तर पुढे धुकं, आणि विमान डोंगरात. मग तू कीबोर्ड आपटायचास आणि क्लासच्या मालकांची बोलणी मी खायची.

बाजाराच्या दिवशी आबा गावाकडून, निमोण्याहून आले की मागे बसून बघायचे. इंग्रजीचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मला दोन्ही आवाजांचा अर्थ विचारून घेतला आणि तुला म्हणाले, “ह्यातला आत्ता भाईर बघून कोण सांगतोय? त्याचं ऐक की.” मेंढरं घेऊन हिंडायच्या दिवसांत त्यांच्या आज्याचा हाच नियम होता. पुढे पाणी आहे का, हे आठवड्यापूर्वी गेलेल्याला विचारायचं नाही, आज तिकडून आलेल्याला विचारायचं. तू हसलास, पण यंत्राचं ऐकलंस आणि पहिल्यांदा सुखरूप उतरलास. आबांनी अख्ख्या क्लासला भेळ चारली होती.

दिवाळीत तू आलास तेव्हा आबा बारीक दिसत होते. साखरेमुळे, असं आम्ही सांगितलं. साखर नव्हती, पप्पू. पोटात गाठ आहे. परीक्षा होईपर्यंत पोराला कळवायचं नाही, अशी त्यांनी आईला आणि मला शपथ घातली. तेव्हापासून दर रविवारी तू फोनवर एकच ऐकतोयस, जेवले, झोपले, बरं आहे. बाहेरच्या बूथवरूनही मी दोनदा तुझा नंबर फिरवला. तुझा आवाज आला की माझ्या तोंडून तेच निघालं. मला माझीच चीड येते.

काल संध्याकाळी आबांनी मला जवळ बोलावलं. आवाज पार बसलाय, कान लावून ऐकावं लागतं. म्हणाले, “प्रतिभा, पप्पूला तू भाईर बघून सांगतीस ना गं?” शपथ त्यांनीच घातली होती आणि काल बहुतेक त्यांनीच ती सोडवली. म्हणून हे पत्र. शेजारच्या सिंधूबाईंचा दत्ता आज नागपूरला निघालाय, तो तुझ्या हातात देईल. आत्ता सकाळचे साडेसात झालेत. मी त्यांच्या खाटेपाशी बसून लिहितेय. चार दिवसांत पोटात अन्न नाही. आज दोन चमचे दूध गेलं, तेही अर्धं बाहेर आलं. आता इलाज नाही, घरी न्या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून इथे माझ्याकडे आणलंय. डोळे दाराकडे आहेत. परीक्षा पुढच्या वर्षी येईल. मिळेल ती गाडी धरून दौंडला उतर, संपतमामा स्टेशनवर असतील. फोन करू नकोस. केलास तर मी पुन्हा बरं आहे म्हणेन.

तुझीच,
ताई