लखोट्यात टांगलेली हवा

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हवा तपासणी कार्यालय.

विषय : मागितलेला माफीनामा सादर करणे व भट्टीची दिवसपाळीची परवानगी रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'शाळेतील अनधिकृत उपकरणे व उद्धट वर्तन'.

महोदय,

१. मी शाळेत प्रयोगशाळा मदतनीस आहे. बाटल्या धुता धुता जे शिकले तेवढेच माझे शिक्षण. सातवीच्या मुलांनी माझ्या हाताखाली हवेतली धूळ पकडणारी बारा उपकरणे बनवली. उपकरण म्हणजे पांढरा पुठ्ठा, त्यावर चौकटींचा कागद आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सात दिवस टांगायचे, मग भिंग लावून एकेका चौकटीतले काळे ठिपके मोजायचे. फाटकाजवळ चौकटीमागे सहा ठिपके आले. शाळेला लागूनच असलेल्या ओतशाळेच्या (लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या) भट्टीकडील वर्गाच्या खिडकीत एक्केचाळीस.

२. आपले निरीक्षक पडताळणीस आले. त्यांनी त्याच खिडकीत नवे कार्ड टांगले, परंतु लखोट्यात घालून. लखोटा चिकटवला, वर लाख लावली, शिक्का मारला. सात दिवसांनी पंचांसमक्ष फोडला व अहवालात लिहिले, 'धूळ : निरंक'. मी कारण विचारले, तर म्हणाले, "अहो बाई, उघडं ठेवलं असतं तर कार्ड घाण नसतं का झालं?"

३. यावर आमची भिंगवाली (ठिपके मोजणाऱ्या मुलीला वर्ग याच नावाने हाक मारतो) एवढेच म्हणाली, "साहेब, मग पाऊसपण छत्रीखालीच मोजता का?" वर्ग हसला. मीही हसले, हे नोंदवून घ्यावे.

४. पूर्वी शाळा सुटल्यावरच पेटणाऱ्या भट्टीला त्या निरंकाच्या जोरावर दिवसपाळी मिळाली. आता भट्टी पेटली की भिंगवालीला धाप लागते. आठवड्यातले तीन दिवस ती घरीच असते. ठिपके तिची मैत्रीण मोजते आणि चुकते. आणि आपण त्याच मुलीकडून लेखी माफी मागता! ती मागणार नाही. तिच्या वतीने मी मागते.

५. माफीनामा स्वच्छ अक्षरात लिहिला होता. सादर करण्यापूर्वी जेली लावून सात दिवस वर्गाच्या खिडकीत टांगला, लखोट्याविना. दिवसपाळीची हवा असल्याने बरीचशी अक्षरे बुडाली आहेत. तो दोष माझ्या हस्ताक्षराचा नाही. जेवढा वाचता येईल तेवढा मान्य करावा.

६. निरीक्षकांचे कार्ड परत मागू नये. ते लखोट्यासह विज्ञान प्रदर्शनात लावले आहे, खाली अहवालातला उतारा व त्यांचे पदनाम. चौथीच्या मुलांनाही चूक सापडते. पालक रांग लावून बघतात.

७. तरी परवानगी त्वरित रद्द व्हावी. सुनावणी घ्यायचीच असल्यास ती सातवीच्या वर्गात, भट्टी चालू असताना व्हावी. आपण पांढरा सदरा घालून यावे. भिंगवालीचा बाक खिडकीलगत आहे आणि सध्या रिकामाच असतो. खिडकी उघडी राहील. वर्गातला पंखा बंद आहे. बाकी सगळे मी दुरुस्त करते, पंखा आपण येऊन गेल्यावर बघेन.

आपली नम्र
(आपल्या पत्रानुसार उद्धट),
प्रयोगशाळा मदतनीस
दि. ९ डिसेंबर

सोबत :
१) बारा कार्डांचा तक्ता.
२) भिंगवालीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
३) माफीनामा, मूळ प्रत. जेली ओली आहे. फाइलला लावताना बाकीचे कागद जपावेत.