तीन मिलिमीटर खाली

९ जानेवारी २००५, रविवार. फुनाबोरी, टोकियो.
नव्या वर्षाचा संकल्प एकच: गाडीचं इंजिन स्ट्रोकर करायचं. जास्त स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट टाकला की पिस्टन जास्त अंतर वरखाली करतो आणि सोळाशे सीसीचं इंजिन सतराशेच्या वर जातं. चारुताने विचारलं, गाडीला झालंय काय? आता बायकोला कसं समजवायचं? काल निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून कणीक आणि डाळी घेऊन येताना पुलाच्या चढावर एका कुरियरच्या टेम्पोने आम्हाला ओव्हरटेक केलं. चालवत ती होती, पण मान माझी खाली गेली.
(माझं जपानी लायसन्स अजून व्हायचंय. कारणं तांत्रिक आहेत.)

१६ जानेवारी, रविवार
एक्सेल शीट तयार. क्रँक, त्याला पिस्टन जोडणारे रॉड आणि पिस्टन, मिळून साठ कॉम्बिनेशन्स. आपल्याशिवाय हे कोण करू जाणे! ऑफिसातल्या यतीनने डोकावून बघितलं. म्हणाला, रोज रस्त्यावर चालवायची गाडी आहे ना, मग जुळवून दिलेला सेट मिळतो तो घे. यतीन म्हणजे मोबाइलची रिंगटोनसुद्धा न बदलणारा माणूस.
चारुताला कोबेच्या ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली! एक एप्रिलला जॉइनिंग. मी ताबडतोब जाहीर केलं, नव्या इंजिनाने कोबेला जायचं. तिने विचारलं, जायचं म्हणजे पोचवायला की राहायला? म्हटलं, तपशील नंतर बघू.

३० जानेवारी, रविवार
हिराईसान यांच्या गॅरेजचा कोपरा मिळाला. इंजिन उतरवलं. ते म्हणाले, मार्चअखेर जागा रिकामी लागेल. मी म्हटलं, फेब्रुवारीतच गाडी घेऊन जातो. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. कौतुक करायची इकडची पद्धत असावी.
चारुता कणीक सायकलवरून आणते. व्यायाम होतो.

११ फेब्रुवारी, शुक्रवार, सुट्टी
क्रँक ठरला! ७७ मिलिमीटरच्या जागी ८३ स्ट्रोक. सहा वाढले, त्यातले निम्मे वरच्या बाजूला. म्हणजे पिस्टन तीन मिलिमीटर जास्त वर येऊन हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, धडकणार. म्हणून रॉड तीनने आखूड मागवला. डोकं चालवलं की सगळं होतं.
माझे बॉस ओगावासान म्हणाले, कोबेच्या क्लायंटकडे एक जागा आहे, यायचं असेल तर महिनाअखेर नाव द्या. चारुता याबद्दल दोनदा बोलली. तिची कंपनी दोघांसाठी घर देते आहे, पण आपण नक्की सांगायला हवं, असं काहीतरी. मी रॉडची मापं तपासत होतो. म्हटलं, आधी पिस्टन ठरू दे, मग शांत डोक्याने बोलू.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
लायसन्सची प्रॅक्टिकल, चौथी. नापास. डावीकडे वळताना मान पुरेशी वळवली नाही म्हणे. मग आरसा काय भांग पाडायला दिलाय? चारुता पहिल्या फटक्यात पास झाली होती, पण त्या दिवशी पाऊस नव्हता.

२८ फेब्रुवारी, सोमवार
दिवसभर पिस्टन. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घ्यावेत तर थंड इंजिनात खडखडतात, साधे घ्यावेत तर मनाला पटत नाही. शेवटी फोर्ज्ड. खास स्ट्रोकरसाठी बनवलेले, रॉड जिथे अडकतो ती पिन तीन मिलिमीटर वर घेतलेली. ऑर्डर दिली आणि जीव भांड्यात पडला.
ओगावासानना नाव द्यायचं राहिलं. उद्या देतो.

१ मार्च, मंगळवार
कोबेची जागा यतीनला. त्याने मला आधी विचारलं होतं म्हणतो, मीच मेलला ‘नंतर बोलू’ असं उत्तर दिलं म्हणे. चारुताला सांगितलं. ती भांडी घासत राहिली. समजूतदार आहे.

२० मार्च, रविवार
जोडणी. पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणला. ब्लॉकच्या काठाला लागायला हवा, तर तीन मिलिमीटर खालीच थांबला. पट्टी खराब आहे. हिराईसानांची पट्टी आणली. तीही खराब.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रॉड तीनने आखूड. पिन तीनने वर. तेच तीन मी दोनदा वजा केले.
आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एवढं पडणार की सतराशेचं इंजिन जुन्या सोळाशेपेक्षाही मवाळ चालणार. शीटमध्ये हे कुठेच लाल झालं नाही.
घरी येऊन चारुताला सांगितलं. वाटलं, हसेल. म्हणाली, पिस्टन धडकू नये म्हणून दोनदा जागा केलीस होय.  मग विचारलं, मोठी सुटकेस माळ्यावर आहे ना?

३१ मार्च, गुरुवार
चारुता शिनकानसेनने गेली. टोकियो स्टेशनवर सुटकेस मी डब्यात चढवली. म्हटलं, मे महिन्यात गाडी घेऊन येतो. ती म्हणाली, गाडी आणू नकोस, तू ये. मी विचारलं, गाडीशिवाय येऊ कसा? ट्रेन सुटल्यावर सुचलं, ती गेली तसा.
घरी कुकर लावला. सवयीने दोघांचा भात झाला.

५ मे, गुरुवार, सुट्टी
हिराईसानांनी महिनाभर जास्त कळ काढली. आहेत तेच पिस्टन घालून इंजिन बसवलं. सुरू झालं! चारुताला फोन लावला आणि फोन बॉनेटपाशी धरला. छान आवाज आहे, म्हणाली. मग म्हणाली, खोलीचा करार केला, वन-रूम, दोन वर्षांचा. विचारलं, मी आलो तर? म्हणाली, करारात एकाच माणसाला राहायची परवानगी आहे. कंपनीने दोघांचं घर मार्चअखेरपर्यंत धरून ठेवलं होतं. तुला सांगितलं होतं, म्हणाली. सांगितलं होतं. मी रॉड मोजत होतो.
हिराईसान म्हणाले, आजच गाडी न्या. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीट अगदी पुढे ओढलेली, चारुताच्या उंचीची. माझे गुडघे आत जाईनात. मागे सरकवता आली असती. सरकवली नाही. सरकवून तरी काय, लायसन्स कुठे आहे. वळसा घालून माझ्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसलो. इंजिन चालूच होतं. तिची फार आठवण आली, आणि रडूच फुटलं.
हिराईसान ड्रायव्हरच्या उघड्या दारापाशी आले. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, हात लांब करून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.