भांडकुदळ वर्गाची वाटणी

लिहून ठेवते मी, पद्मिनी हेमचंद्र पाटणकर, वय अडुसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार निशातगंज, लखनौ. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास इंग्रजीत वाद घालून पाहावा. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. निशातगंजचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. पुढच्या खोलीत मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवले. लखनौची माणसे इतकी अदबशीर, की मुद्दाम चुकीचे सांगितले तरी "जी मैडम". वर्गात वाचलेल्या नाटकातल्या खुन्यालाही "बेचारे की कोई मजबूरी रही होगी" म्हणून सोडून देत. अशाने भाषा येत नाही. म्हणून नियम केला: उंबरठा ओलांडला की माझ्याशी इंग्रजीत भांडायचे. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. आलेला हवालदार पुढे वर्गातच बसू लागला.

२. माझा मुलगा उल्हास, राहणार आलमबाग, माझ्याशी कधीच भांडला नाही. घर विकू नकोस म्हटले की "हाँ माँ, बिल्कुल नहीं." आणि मी सब्जी आणायला गेले असता त्याने घर एका चपलांच्या दुकानदाराला दाखवले, मापेसुद्धा घेऊ दिली. सबब बँकेतली शिल्लक व त्याच्या वडिलांची स्कूटर त्याला. घर नाही. सून उल्का हिला माझी पैठणी. ती निदान तोंडावर बोलते.

३. घर चंद्रप्रभा श्रीवास्तव हिला, वर्ग चालू ठेवण्याच्या अटीवर. ही तार ऑफिसात नोकरीला. कित्येक महिने दाराशी बसून नुसती मान हलवायची. एकदा मी एका कवितेला रडकी म्हटले, तशी उठली: "यू आर राँग, मैडम!" क्रियापदे कोसळत होती, पण बाई हटली नाही. त्या संध्याकाळी मी साखरभात केला. माझा तिच्यावर फार जीव आहे. या कलमाचा कच्चा खर्डा वाचून दाखवल्यावर घर नको म्हणून ती माझ्याशी कडाडून भांडली. हरली, पण अस्खलित इंग्रजीत हरली.

४. शोकसभेत माझी स्तुती करू नये. प्रत्येकाने फोटोसमोर उभे राहून माझी एक चूक मला सुनावावी. उल्हास, तूसुद्धा. मराठी जमत नसेल तर हिंदीत भांड, पण मान डोलावून परत जाऊ नकोस. एकदा माझ्या तोंडावर "विकणार" म्हणाला असतास, तर आपण कचकचून भांडलो असतो, आणि घर तुझेच राहिले असते, राजा. आता मला उत्तर देता येणार नाही. शेवटचा शब्द तुझा.

सही: पद्मिनी हेमचंद्र पाटणकर
आमच्यासमक्ष सही केली. मजकुराबद्दल आमचे मतभेद आहेत.
साक्षीदार: १. आत्माराम गोखले, शेजारी २. वासंती निगम, माजी विद्यार्थिनी
लखनौ, ९ नोव्हेंबर १९८६