पाण्याच्या ॲपची वर्गणी

मंगळवार, संध्याकाळ. खरवई.

पाकीट फ्रिजवर ठेवलंय. अजून उघडलं नाही.

आमच्या भागात नळाला पाणी आलं की कळवणारं ॲप मी नोकरी सांभाळून चालवते, फुकट. आज पाटीलकाका आले, गणपतीला फिरतात तसे बिल्डिंगी फिरून वर्गणी जमवून. "किती दिवस पदरमोड करशील गं? घे." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सर्व्हरचा खर्च निघाला असता. जाता जाता म्हणाले, "आता ज्यांनी दिलेत, त्यांनाच मेसेज जाऊ दे. मागच्या चाळीने दमडी दिली नाही."

मी गप्प बसले. का? आई चहा घेऊन उभी होती म्हणून? की त्या पाकिटामुळे?

पाणी आधी चाळीतच येतं. तिथल्या सुनीताताई ॲपवर कळवतात, तेव्हा कुठे बाकीच्यांना समजतं. काकांना हे माहीतच नाही. मीही सांगितलं नाही.

आत्ताच ताईंचा मेसेज आला, "पाणी आलं." नेहमीसारखा सगळ्यांना गेला. लगेच समोर काकांच्या बिल्डिंगची मोटर सुरू झाली.

पाकीट घेऊन खाली चाललेय. काका मोटरपाशीच असतील.