बाबांचं चाक आणि माझं घर्षण

आर्वी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय माझं. बाबांचं ते चाक! जन्मभर डेपोत बसेस दुरुस्त केल्या आणि आता खूळ घेतलंय, नुसत्या वजनांवर कायम फिरणाऱ्या चाकाचं. तळेगावच्या वेल्डरला लोखंड कापायला सांगणार होते, म्हणून मीच शब्द देऊन बसले: आधी माझ्या कॉम्प्युटरवर फिरवून पाहू, तिथे फिरलं तर मी आडवी येणार नाही. मी फिजिक्स शिकवते, मला कसली भीती!

बारा हात, प्रत्येकाच्या टोकाला गोळा, त्यातला एक लाल. रोज बाबांची नवी आकृती आणि रोज तेच. एक धक्का, सात-आठ फेरे, मग लाल गोळा खाली येऊन चाक गप्प.

आज थांबेचना. चहा झाला, भाजी चिरून झाली, तरी लाल गोळा आपला वर जातोच आहे. आणि ओरडलं कोण? मी! "बाबा, फिरून राह्यलं!"

बाबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "बेअरिंग टाकलं का वं त्यात?"

घर्षण! सकाळी काहीतरी तपासताना शून्य केलं, ते तसंच राहिलं. इतके दिवस यांना घर्षण समजावून सांगत होते मी! आकडा परत भरला. नवव्या फेऱ्याला लाल गोळा खाली.

"जाऊ दे, मनाले लावून घेऊ नको," म्हणाले. मला! आणि निवांत जेवायला बसले.

मी मात्र दार लोटून घेतलं आणि चाकाला तेरावा हात जोडून पाहिला.